शहराचे पाणी दुसऱ्या संस्थेच्या हद्दीतून येत असेल, तर टिकणारा करार कसा असतो?

प्रश्न

नमस्कार. स्थानिक संस्थांच्या आपसांतील पाणीवादांवर मी सध्या एक अभ्यास-टिपण लिहीत आहे आणि एका मुद्द्यावर अडले आहे. शहर वाढते, हद्दीतल्या विहिरी, तळी आणि नदीचा जवळचा पट्टा पुरेनासा होतो, मग शहर बाहेरचा स्रोत शोधू लागते. असा स्रोत सापडतो तो बहुधा दुसऱ्या नगरपालिकेच्या, दुसऱ्या जिल्ह्याच्या किंवा विखुरलेल्या ग्रामीण संस्थांच्या कारभाराखालील खोऱ्यात. शहराकडे मतदार असतात, कर्ज उभारण्याची ऐपत असते आणि अभियंते असतात. स्रोताकडच्या संस्थेकडे जमीन आणि पाणी असते. शिवाय आज दिलेले पाणी उद्या आपल्यालाच लागले तर ते परत मिळणार नाही, अशी धास्तीही असते. ही धास्ती मला मुळीच अवाजवी वाटत नाही, आणि तिला आडमुठेपणा ठरवून बाजूला सारणारे लिखाण वाचले की मला त्रास होतो.

आतापर्यंत वाचलेल्या प्रकरणांत मला मुख्यतः तीन वाटा दिसल्या. काही शहरांनी वरच्या कायदेमंडळाकडून थेट अधिकार मिळवून पाणी नेले, काही वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालले, तर काही ठिकाणी वाद घालणाऱ्या संस्थांनीच एकत्र येऊन संयुक्त मंडळ स्थापन केले. मात्र एकाच वाटेने गेलेल्या दोन प्रकरणांचे शेवट अगदी वेगळे का होतात, हे मला उलगडत नाही. एक व्यवस्था पाऊणशे वर्षे चालते आणि दुसरी पहिल्याच मोठ्या अवर्षणात कोलमडते.

म्हणून विचारते: करारात ‘किती पाणी’ हे ठरवणे अधिक महत्त्वाचे असते, की ‘टंचाईच्या वर्षी निर्णय कोणाचा’ हे ठरवणे? आणि स्रोताकडच्या संस्थेला एकदाच भरपाई देऊन मोकळे व्हावे, की तिचा कायमचा काही हिस्सा असावा? ‘समन्वय असावा’, ‘सर्वांना विश्वासात घ्यावे’ एवढ्यावर न थांबता, प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणांच्या आधारे उत्तरे मिळाली तर टिपणाला खरा उपयोग होईल.

प्रतिसाद १

आपण उल्लेख केलेल्या संयुक्त मंडळाचे सर्वांत बोलके उदाहरण मला इंग्लंडमधील डरवेंट खोऱ्याचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या एका खोऱ्यावर अनेक औद्योगिक शहरांचा डोळा होता. शेफील्ड जवळचे, डर्बी त्याच नदीच्या खालच्या अंगाला, तर लेस्टर आणि नॉटिंगहॅम आणखी दूर. पण प्रत्येकाला वाटत होते की हे पाणी आपल्याला मिळाले नाही तर पुढच्या पिढीचे हाल होतील. परस्परविरोधी प्रस्ताव संसदेपुढे आले, तेव्हा संसदेने एका शहराला जिंकवून इतरांना हरवले नाही. १८९९ च्या डरवेंट व्हॅली वॉटर अॅक्टने सर्व दावेदारांना एका मंडळात आणले, डर्बीशायर परगण्याच्या स्वतःच्या गरजेची सोय केली आणि उरलेल्या पाण्याचे हिस्से ठरवून दिले. डर्बी आणि शेफील्ड यांना प्रत्येकी एक चतुर्थांश, नॉटिंगहॅमला एक सप्तमांश आणि लेस्टरला उरलेला, म्हणजे जवळपास ३६ टक्के, असा तो वाटा होता.

हिस्से गॅलनमध्ये न ठरवता अपूर्णांकात ठरवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पाण्याचा आकडा ठरवून दिला की तो आकडा गाठता न येणाऱ्या प्रत्येक वर्षी करार मोडतो, आणि कोणाचा हक्क आधी भागवायचा यावर भांडण सुरू होते. हिस्सा ठरवून दिला की टंचाई आपोआप सगळ्यांत वाटली जाते, आणि नवे धरण बांधून साठा वाढला तर ती वाढही त्याच प्रमाणात वाटता येते. या मंडळाने होडन धरण १९१२ मध्ये आणि डरवेंट धरण १९१६ मध्ये पूर्ण केले. गरज वाढल्यावर त्याच मंडळाने खाली लेडीबाऊरचा मोठा जलाशय बांधला आणि १९४५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे मधल्या दोन महायुद्धांच्या काळातही मूळ वाटणीची चौकट टिकली. १९७४ मध्ये इंग्लंडमधील सगळ्याच पाणीसंस्थांची खोरेनिहाय पुनर्रचना झाली, तेव्हा या मंडळाचे काम नव्या प्राधिकरणाकडे गेले. ते मंडळ आपसांतील भांडणाने फुटले नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

दुसरे असे की, मंडळ एकदा स्थापन झाले की धरणाची पाहणी, साठ्याची मोजणी, दुरुस्ती, कर्जफेड ही सगळी कामे करणारा नोकरवर्ग एका शहराचा राहत नाही. हा फरक कागदावर लहान दिसतो. पण लेस्टरच्या प्रतिनिधीला साठ्याचा आकडा शेफील्डच्या कार्यालयातून मागून घ्यावा लागणे आणि तो आकडा दोघांच्या समाईक कार्यालयातून दोघांना एकाच वेळी मिळणे, यांत संशयाला किती जागा उरते याचा विचार करून पाहावा. आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी असे म्हणेन की ‘किती’ आणि ‘कोण’ हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. निर्णय करणारी संस्था समाईक असेल, तर ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलता येते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यातून एक बाजू पूर्णपणे सुटली आहे. डरवेंटच्या करारात जे हिस्सेदार होते ते सगळे पाणी घेणारे होते. लेडीबाऊरच्या जलाशयाखाली डरवेंट आणि अॅशॉप्टन ही दोन गावे गेली, आणि हिस्सेदारांच्या यादीत त्यांचे नाव कुठेच नव्हते. चार मोठ्या शहरांनी एकमेकांशी न्यायाने वागणे आणि त्या सर्वांनी मिळून खोऱ्यातल्या लोकांशी न्यायाने वागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धागाकर्तीचा प्रश्न दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, असे मला वाटते.

त्या दृष्टीने वेल्समधील ट्रिवेरिन खोऱ्यातील धरणाचे प्रकरण अभ्यासावे. इंग्लंडमधील लिव्हरपूल महापालिकेला तिथले पाणी हवे होते. वेल्समधील स्थानिक संस्थांकडून नियोजनाची परवानगी घेण्याचा मार्ग तिने टाळला आणि खासगी विधेयकाद्वारे, म्हणजे एखाद्या संस्थेने स्वतःपुरत्या अधिकारासाठी संसदेपुढे आणलेल्या विधेयकाद्वारे, थेट ब्रिटिश संसदेकडून अधिकार मिळवला. १९५७ मध्ये कायदा झाला तेव्हा वेल्समधून निवडून गेलेले जवळजवळ सर्व खासदार त्याच्या विरोधात होते, तरीही तो संमत झाला. कापेल केलिन हे वेल्श भाषिक गाव, तिथली शाळा, टपाल कार्यालय आणि प्रार्थनामंदिर यांच्यासह पाण्याखाली गेले. बांधकामाच्या काळात तिथे घातपाताचे प्रकार घडले, १९६५ मधला उद्घाटनाचा समारंभ निदर्शनांमुळे काही मिनिटांत आटोपावा लागला आणि लिव्हरपूलच्या महापालिकेने २००५ मध्ये जाहीर माफी मागितली. कायद्याच्या दृष्टीने लिव्हरपूलचे काहीच चुकले नव्हते. स्थानिक संस्थेची संमती लागणार नाही असा रस्ता कायद्यात उपलब्ध होता आणि तो तिने वापरला, इतकेच. पण पाण्याचा अधिकार मिळाला तरी त्या पाण्याबद्दलचा वाद मिटला असे होत नाही. वेल्सच्या राजकारणात तो आजही जिवंत आहे.

याउलट, ब्रिटनमध्येच त्याच्या सुमारे ७८ वर्षे आधीचे मँचेस्टर आणि थर्लमिअर सरोवराचे प्रकरण पाहा. विरोध तिथेही प्रखर होता. परंतु १८७९ च्या कायद्यापूर्वी संसदीय समितीने अटी घातल्या आणि त्यांतली एक अट अशी होती की जवळपास १५४ किलोमीटर लांबीच्या त्या जलवाहिनीच्या मार्गावरील गावांना आणि स्थानिक संस्थांना तिच्यातून घाऊक पाणी घेता यावे. ज्या गावाच्या शेतांतून जलवाहिनी जाते त्या गावाला तिच्यातले थेंबभर पाणीही न मिळणे, याच्याइतकी चीड आणणारी दुसरी गोष्ट पाणीवादात नसते. ही अट घालायला अवजड यंत्रणा लागत नाही. योजनेच्या आराखड्यातच जोडण्यांची जागा आणि त्यांचा दर ठरवून ठेवावा लागतो. त्यामुळे जलवाहिनी ज्यांच्या हद्दीतून जाते, त्या संस्थाही तिच्या राखणीत सहभागी होतात.

सरोवराच्या काठावरच्या लोकांचे नुकसान त्याने भरून निघाले, असा माझा दावा नाही. पण कायमचा हिस्सा की एकरकमी भरपाई, या आपल्या प्रश्नावर माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. जमिनीची किंमत एकदा देता येते. पाणी मात्र दर दिवशी जाते आणि दर दिवशी डोळ्यांसमोर जाते.

प्रतिसाद ३

माझा संबंध जलविज्ञानाशी असल्यामुळे मी टंचाईच्या वर्षाविषयीच लिहितो, कारण बहुतेक करार तिथेच फसतात. चांगल्या पावसाच्या वर्षी वाईट करारही चालून जातो.

न्यूयॉर्क शहर आणि डेलावेअर नदीचे प्रकरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. शहराला डेलावेअरच्या वरच्या उपनद्यांचे पाणी हवे होते. खालच्या अंगाच्या न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांनी हरकत घेतली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये शहराला मर्यादित उपसा मंजूर केला आणि १९५४ मध्ये ती मर्यादा वाढवून दिवसाला ८० कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ३०३ कोटी लिटर केली. त्या बदल्यात घातलेली अट अशी की शहराने आपल्या धरणांतून इतके पाणी खाली सोडावे, की माँटेग्यू येथील मोजणी केंद्रावर नदीचा प्रवाह १,७५० क्युसेक राहील. या अटीवर लक्ष ठेवण्यासाठी न्यायालयाने ‘रिव्हर मास्टर’ हे पद निर्माण केले, आणि ते कोणत्याही पक्षाकडे न देता केंद्र सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील अधिकाऱ्याकडे सोपवले.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहिले की करारातले एक वाक्य अमलात आणायला किती बारकावा लागतो हे कळते. शहराच्या तीन धरणांपैकी पेपॅक्टनमधून सोडलेले पाणी माँटेग्यूला पोहोचायला सुमारे ६० तास लागतात, कॅननव्हिलहून ४८ आणि नेव्हरसिंकहून ३३. म्हणजे आज माँटेग्यूला प्रवाह कमी दिसला म्हणून आज दरवाजे उघडून उपयोग नाही. येत्या दोन-तीन दिवसांतला पाऊस, वीजनिर्मितीसाठी सोडले जाणारे पाणी आणि नदीचा नैसर्गिक प्रवाह यांचा अंदाज बांधून आज विसर्ग ठरवावा लागतो. अंदाज चुकला तर एकतर शहराचे पाणी वाया जाते किंवा खालच्यांचा हक्क बुडतो. हा अंदाज वादातल्या एका पक्षाने बांधायचा ठरवले असते, तर रोजच भांडण झाले असते.

इतकी काटेकोर व्यवस्था असूनही १९६० च्या दशकात ती मोडण्याच्या बेतात आली. ज्या जुन्या नोंदींच्या आधारे १९५४ चे आकडे ठरले होते, त्या नोंदींतल्या कोणत्याही अवर्षणापेक्षा हे अवर्षण भयंकर होते. १९६५ च्या उन्हाळ्यात धरणांचे साठे खालावले आणि शहराने ठरल्याप्रमाणे पाणी सोडणे थांबवले. खाली समुद्राचे खारे पाणी नदीतून वर सरकू लागले आणि नदीतून पाणी उचलणाऱ्या फिलाडेल्फिया शहराला आपल्या पाण्याची काळजी पडली. न्यायालयाचा आदेश दोन्ही बाजूंना बंधनकारक होता, पण तो पाळण्याइतके पाणीच नव्हते. सुदैवाने १९६१ मध्ये चार राज्ये आणि केंद्र सरकार यांनी मिळून डेलावेअर खोरे आयोग स्थापन केला होता. त्याने आणीबाणी जाहीर करून तात्पुरती वाटणी ठरवली.

त्या अनुभवातून १९८३ चा करार घडला, आणि माझ्या मते धागाकर्तीने त्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास करावा. त्यात तीन धरणांच्या एकत्रित साठ्यावरून टंचाईचे टप्पे आधीच ठरवले आहेत. साठा एका रेषेखाली गेला की शहराचा उपसा दिवसाला ८० कोटी गॅलनवरून ६८ कोटींवर येतो, पुढच्या टप्प्यावर ५६ कोटींवर आणि प्रत्यक्ष अवर्षण जाहीर झाल्यावर ५२ कोटींवर. त्याच वेळी न्यू जर्सीचा १० कोटींचा हक्क अनुक्रमे ८.५, ७ आणि ६.५ कोटींवर येतो, आणि माँटेग्यूच्या प्रवाहाची अटही शिथिल होते. कपात सर्वांची आणि एकाच वेळी होते, आणि ती कोणाच्या मर्जीने न होता साठ्याच्या पातळीवरून होते. टंचाई आल्यावर वाटाघाटीला बसलेल्या माणसांना आपल्या नळांपलीकडचे काही दिसत नाही, म्हणून हे आकडे धरणे भरलेली असताना ठरवून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

एक मुद्दा जाता जाता. बाहेरून पाणी मागणाऱ्या शहराला स्रोताकडची संस्था पहिला प्रश्न विचारते तो त्याच्या उधळपट्टीचा, आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. न्यूयॉर्कने १९९० च्या दशकात अनुदान देऊन सुमारे १३ लाख जुनी, जास्त पाणी पिणारी शौचकूपे बदलून घेतली, घरोघरी मीटर बसवले आणि लोकसंख्या वाढत असतानाही शहराचा एकूण वापर खाली आणला. शेजाऱ्याशी बोलायला बसण्याआधी गळतीचा आणि बिनहिशेबी पाण्याचा आकडा शहराने स्वतःहून जाहीर करावा, असे मी कोणत्याही शहराला सांगेन.

धागाकर्ती

तिन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. १९८३ च्या करारातील टप्प्याटप्प्याची कपात मला ठाऊक नव्हती आणि टिपणात तिला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल.

एक उपप्रश्न आहे. काही ठिकाणी वाद नदीच्या पाण्याचा नसतोच. एका मोठ्या शहराकडे शुद्धीकरण केंद्रे आणि मुख्य वाहिन्या असतात आणि आजूबाजूच्या लहान संस्था त्याच्याकडून घाऊक पाणी विकत घेतात. पाणी मुबलक असूनही तिथे कटुता टोकाला जाते. तिथे नेमके काय बिनसते?

प्रतिसाद ४

तिथे बिनसतो तो दर, आणि दर ठरवण्याचा अधिकार. अमेरिकेतील डेट्रॉईट शहराचे उदाहरण घ्या. पाण्याची ददात नाही, कारण स्रोत म्हणजे ग्रेट लेक्स ही महासरोवरे आणि त्यांना जोडणाऱ्या नद्या आहेत. शहराचा पाणीविभाग स्वतःच्या रहिवाशांबरोबरच शंभराहून अधिक उपनगरी संस्थांना पाणी पुरवत असे. घाऊक दर ठरवताना अंतर, उंची आणि मागणीच्या ऐन वेळी किती पाणी ओढले जाते, हे सगळे हिशेबात धरले जाई. हे शास्त्राला धरून होते. पण दर ठरवणारी संस्था शहराची आणि भरणारे बहुतांश ग्राहक बाहेरचे, त्यामुळे दरवाढीच्या प्रत्येक नोटिशीत उपनगरांना अन्याय दिसे. शहरालाही वाटे की ज्या यंत्रणेसाठी आपण पिढ्यानपिढ्या कर्ज काढले ती आता बाहेरचे लोक हिसकावू पाहत आहेत. दोन्ही बाजूंच्या तक्रारीत तथ्य होते.

या कटुतेचा सर्वांत दारुण परिणाम फ्लिंट शहरात दिसला, आणि तो कोणत्याही पाणी-टिपणातून वगळता येणार नाही. फ्लिंटला डेट्रॉईटचे पाणी महाग वाटत होते, म्हणून २०१३ च्या वसंतात त्याने शेजारच्या संस्थांच्या नव्या स्वतंत्र जलवाहिनी प्रकल्पात सामील होण्याचा निर्णय घेतला. त्यावर डेट्रॉईटने एक वर्षाची मुदत देऊन करार संपवण्याची नोटीस दिली. नवी जलवाहिनी पूर्ण व्हायला अजून अवधी होता आणि मधल्या काळात अल्प मुदतीसाठी डेट्रॉईटचेच पाणी घेण्याची बोलणी यशस्वी झाली नाहीत. त्या वेळी फ्लिंटचा कारभार राज्याने नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाच्या हाती होता. एप्रिल २०१४ मध्ये शहराने फ्लिंट नदीचे पाणी शुद्ध करून पुरवायला सुरुवात केली. नळ गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया त्या पाण्यावर झाली नाही, जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले आणि मुलांच्या रक्तात सापडले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा डेट्रॉईटच्या पाण्यावर आले, पण तोपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. प्रक्रियेची चूक प्रशासनाची होती आणि तिचे खापर दरवादावर फोडता येणार नाही. तरीही एक करार संपणे आणि दुसरा स्रोत तयार होणे यांच्यामधली ती पोकळी कराराच्या रचनेतच होती. म्हणून घाऊक पाण्याच्या करारात बाहेर पडण्याचे कलम असे हवे, की पर्यायी स्रोत चाचण्या होऊन प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जुना पुरवठा जुन्याच दराने चालू राहील.

डेट्रॉईटपुरता तोडगा शहराच्या दिवाळखोरीच्या काळात निघाला. ग्रेट लेक्स वॉटर अथॉरिटी ही प्रादेशिक संस्था १ जानेवारी २०१६ पासून काम करू लागली. यंत्रणेची मालकी डेट्रॉईटकडेच राहिली, पण प्रादेशिक वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे या संस्थेने ४० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, आणि त्यापोटी वर्षाला ५ कोटी डॉलर देण्याचे ठरले. मंडळावर सहा सदस्य आहेत: दोन डेट्रॉईटचे, तीन आसपासच्या परगण्यांचे आणि एक राज्यपालांनी नेमलेला. दरांसारख्या मोठ्या निर्णयांना सहापैकी पाच मते लागतात. म्हणजे एकटे डेट्रॉईट दर लादू शकत नाही, आणि डेट्रॉईटचे दोन्ही सदस्य विरोधात असतील तर उपनगरेही काही लादू शकत नाहीत. ही मतांची मांडणी मला कोणत्याही दरसूत्रापेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली वाटते.

प्रतिसाद ५

स्रोताकडच्या संस्थेचा कायमचा हिस्सा या मुद्द्यावर दोन प्रकरणे मांडते. दुसऱ्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण हिस्सा म्हणजे फक्त पाणी नव्हे.

पहिले पुन्हा न्यूयॉर्कचे, मात्र इथे भांडण प्रमाणाचे नसून शुद्धतेचे आहे. शहराचे बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून, काही ठिकाणी २०० किलोमीटर अंतरावरून येते आणि ते गाळण केंद्राशिवाय वापरता येईल इतके स्वच्छ असते. १९८९ च्या केंद्रीय नियमाने सर्व भूपृष्ठीय पाणी गाळणे बंधनकारक केले, आणि खोऱ्याचे संरक्षण सिद्ध करणाऱ्यांनाच सूट ठेवली. गाळण केंद्राचा खर्च अब्जावधी डॉलरचा असल्याने शहराने १९९० मध्ये खोऱ्यातील जमीनवापरावर कडक नियमांचा मसुदा काढला. दूरच्या शहराने आपल्या गावात कोणी कुठे घर बांधावे, कुठे गोठा असावा, हे ठरवावे, हे खोऱ्यातल्या गावांना कसे मान्य होणार? धरणांसाठी गावे उठवल्याच्या आठवणीही ताज्या होत्या. त्या गावांनी १९९१ मध्ये आपली आघाडी उभी केली आणि शहराला आव्हान दिले.

काही वर्षांच्या वाटाघाटींनंतर जानेवारी १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण संस्था, खोऱ्यातील गावे आणि पर्यावरण संघटना यांच्यात करार झाला. शहराला नियम करण्याचा अधिकार राहिला; पण जमीन घ्यायची तर विकायला स्वखुशीने तयार असलेल्याकडूनच, सक्तीने नाही, असे ठरले. गावांना आपल्या वस्तीलगतच्या काही जमिनी या खरेदीतून वगळण्याची मुभा मिळाली. नादुरुस्त मैलाटाक्या बदलणे, सांडपाणी केंद्रे सुधारणे, स्थानिक उद्योगांना साहाय्य करणे यांसाठी शहराने पैसा दिला आणि त्यातला मोठा भाग खोऱ्यातल्याच एका स्थानिक महामंडळाकडून खर्च होऊ लागला. शिवाय शहर आपल्या धरणांवर आणि जमिनींवर त्या गावांना मालमत्ता कर भरते. काही गावांत तेच सर्वांत मोठे करदाते आहे. इथे भरपाई देऊन संबंध संपवलेला नाही, तो दरवर्षीच्या अंदाजपत्रकात चालू ठेवला आहे. म्हणून हा करार मला जवळचा वाटतो.

दुसरे प्रकरण लॉस एंजेलिस आणि ओवेन्स खोऱ्याचे. १९१३ मध्ये शहराचा कालवा सुरू झाला, तो खोऱ्यातल्या जमिनी आणि त्यांबरोबर पाण्याचे हक्क विकत घेऊन. व्यवहार कायदेशीर होते. तरीही १९२० च्या दशकात शेतकऱ्यांनी कालवा सुरुंगाने उडवला. १९७० मध्ये दुसरा कालवा सुरू झाला आणि भूजलाचा उपसा वाढला, तेव्हा १९७२ मध्ये हे खोरे ज्यात येते त्या इन्यो परगण्याने पर्यावरण कायद्याखाली शहराला न्यायालयात खेचले. दोघांत १९९१ मध्ये दीर्घकालीन करार झाला. त्याचा गाभा असा की खोऱ्यातली वनस्पती १९८० च्या दशकाच्या मध्यात होती त्या अवस्थेपेक्षा खालावता कामा नये. त्यासाठी ठरावीक ठिकाणी जमिनीतला ओलावा मोजतात. ओलावा तिथल्या झाडोऱ्याला पुरेसा नसेल, तर त्या ठिकाणाशी जोडलेल्या उपसा विहिरी बंद ठेवाव्या लागतात. मोजणीवर देखरेख दोन्ही संस्थांच्या संयुक्त तांत्रिक गटाची असते आणि मतभेद झाले तर वरची संयुक्त समिती, नंतर लवाद, अशी पायरी आहे.

मतभेद होतातच. झाडोरा उपशामुळे खालावला की अवर्षणामुळे, हा प्रश्न तिथे अजूनही सुटलेला नाही आणि काही तक्रारी लवादापर्यंत गेल्या आहेत. पण दोन्ही बाजू एकाच मोजणीच्या आकड्यांवर वाद घालतात. साठ वर्षे तिथे एका बाजूकडे सगळे आकडे आणि दुसऱ्या बाजूकडे फक्त कोरडी पडलेली जमीन होती, हे लक्षात घेतले तर हा बदल लहान नाही.

धागाकर्ती

आपणां सर्वांची ऋणी आहे. आता एकच शंका उरते: असे करार मुदतीचे असावेत की कायमचे? स्रोताकडची संस्था मुदत मागते, कारण तिला फेरविचाराची संधी हवी असते. शहर कायमस्वरूपी हक्क मागते, कारण तीस वर्षांचे कर्ज पाच वर्षांच्या करारावर कोणी देत नाही.

प्रतिसाद ३ चे लेखक

दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि त्या वेगवेगळ्या दस्तऐवजांत बसवता येतात. डेलावेअरमध्ये हेच केले आहे. १९५४ च्या आदेशाला मुदत नाही, त्यामुळे शहराच्या मूळ हक्काला धक्का लागत नाही आणि धरणांवर केलेली गुंतवणूक सुरक्षित राहते. धरणांतून कोणत्या हंगामात किती पाणी सोडायचे, माशांसाठी किती थंड पाणी राखायचे, पूर येण्याआधी किती जागा रिकामी ठेवायची, हे मात्र न्यूयॉर्क शहर आणि खोऱ्यातील चार राज्ये या पाचही पक्षांनी एकमताने केलेल्या स्वतंत्र, मुदतीच्या कार्यक्रमात असते. २०१७ मध्ये ठरलेल्या कार्यक्रमाची मुदत २०२८ पर्यंत आहे. एकमत झाले नाही तर आधीचे जुने नियम पुन्हा लागू होतात, आणि ते आज कोणालाच सोयीचे नाहीत. त्यामुळे मुदत संपत आली की प्रत्येक पक्ष स्वतःहून चर्चेला बसतो. टिपणात हे प्रकरण घेणार असाल, तर मूळ आदेश आणि कार्यक्रम हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. कोणती बाब कायमची ठेवली आणि कोणती बदलती, हे त्या वाचनातूनच नीट कळेल.